एका छोट्या राज्याचे आरोग्य : डफरीन हॉस्पिटल, आजवा आणि उंडेरा

‘विकसनशील देश’ हा शब्दप्रयोग दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाला. पण त्या शब्दाने जे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते ते त्याहून पुष्कळ जुने आहे. बेताचा महसूल, विखुरलेली खेडी, बोटांवर मोजण्याइतके शिकलेले डॉक्टर, काही वर्षांच्या अंतराने येणारा दुष्काळ आणि त्याचे बोट धरून येणारी साथ. छोट्या विकसनशील देशातील आरोग्यसेवा असा विषय निघाला की आपल्याला नेपाळ, भूतान किंवा आफ्रिकेतील एखादे राष्ट्र आठवते. वस्तुतः आपण ज्या शहरात पाट्या लावून व्यवसाय करीत आहोत, ते शहर १९४९ पर्यंत अशाच एका छोट्या राज्याची राजधानी होते. बडोदे संस्थानचे क्षेत्रफळ आठ हजार चौरस मैलांच्या थोडे वर, म्हणजे भूतानच्या निम्म्याहून जरासे अधिक. १९३१ च्या जनगणनेत लोकसंख्या २४ लाख ४३ हजार भरली. परराष्ट्रसंबंध आणि संरक्षण ब्रिटिशांकडे होते. पण खजिना, कायदा, शाळा, पाणी आणि दवाखाने यांची जबाबदारी संस्थानचीच होती. या राज्याने ती कशी निभावली, कुठे त्याला यश आले आणि कुठे ते तोकडे पडले, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. सयाजीरावांच्या गुणगानाचे लेख आपल्याकडे पुष्कळ झाले आहेत. त्यात आणखी एकाची भर घालण्याचा हेतू नाही.

प्रथम भूगोल पाहिला पाहिजे, कारण आरोग्यखात्याची निम्मी अडचण भूगोलातच असते. बडोदे संस्थान सलग नव्हते. उत्तरेला कडी म्हणजे पुढचा मेहसाणा प्रांत, मध्ये बडोदे, दक्षिणेला नवसारी, काठियावाडात अमरेली, आणि सर्वांत दूर, द्वारकेच्या टोकाला, ओखामंडळ. या तुकड्यांच्या मधून ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थानिकांच्या हद्दी जात. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाताना मध्ये परका मुलूख लागावा अशी स्थिती होती. साथीचा रोग हद्द मानत नाही. परंतु साथ रोखण्याचा हुकूम मात्र हद्दीपाशी थांबतो. शेजारच्या गावात प्लेग आहे आणि ते गाव आपल्या हुकमतीत नाही, ही अडचण बडोद्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना कायमची होती.

या राज्याच्या आधुनिक इतिहासाची सुरुवातच एका वैद्यकीय प्रकरणाने झाली, ही गंमत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा संशय आला. रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड यांनी गाळ तपासला, नमुना मुंबईला रासायनिक पृथक्करणासाठी गेला आणि त्यात सोमल व हिऱ्याची पूड आढळल्याचा अहवाल आला. मल्हारराव गायकवाडांवर चौकशी आयोग बसला. आयोगाच्या सभासदांत एकमत झाले नाही; तरीही १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, सयाजीराव तिसरे म्हणून, गादीवर आला. न्यायवैद्यकाच्या एका अहवालाने एका राज्याचा इतिहास वळवल्याचे असे उदाहरण विरळाच.

महाराज अल्पवयीन असताना दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्याची घडी बसवली. महसूल, न्याय, शिक्षण यांच्याबरोबर वैद्यकीय खातेही त्याच काळात रीतसर उभे राहिले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकून आलेली माणसे संस्थानच्या नोकरीत घेतली जाऊ लागली. पुढे मुंबईत नामवंत झालेले सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर यांच्या कारकिर्दीचा आरंभीचा काळ बडोद्यातच गेला. बडोद्यातील मराठी डॉक्टरांची परंपरा आपण सांगतो, तेव्हा तिचे मूळ इथपर्यंत मागे न्यावे लागते.

१८८५ मध्ये महाराजांच्या पहिल्या पत्नी, तंजावरच्या माहेरवाशीण महाराणी चिमणाबाई, क्षयाने वारल्या. राजवाड्यातील उत्तमोत्तम उपचार त्यांच्या पायाशी होते. पण स्ट्रेप्टोमायसीन सापडायला अजून जवळजवळ साठ वर्षे होती. पुढच्या वर्षी, १८८६ मध्ये, शहरात काउंटेस ऑफ डफरीन हॉस्पिटल सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड डफरीन यांच्या पत्नीने १८८५ मध्ये हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून निधी उभारला होता. तिचेच नाव या इस्पितळाला मिळाले. हेच पुढे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल झाले. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने या आवारात रात्री काढल्या आहेत. तिथल्या जुन्या दगडी इमारतीच्या कमानीखाली रोग्याचे नातेवाईक पथारी पसरून बसलेले असतात, ते दृश्य १८८६ मध्येही फारसे वेगळे नसावे. मांडवीजवळ, जुन्या शहराच्या ऐन गर्दीत, महाराजांच्या दत्तक मातोश्री जमनाबाई यांच्या नावाचे दुसरे इस्पितळ झाले. ज्याला तटाबाहेरच्या मोठ्या इस्पितळापर्यंत जाणे जमत नव्हते, त्याला हे जवळ होते. क्षयासारखाच त्या काळी बहिष्कृत असलेला रोग म्हणजे महारोग. त्याच्या रोग्यांसाठी नर्मदाकाठी शिनोरजवळ अनसूया येथे संस्थानने आश्रयस्थान चालवले.

इस्पितळांच्या कोनशिला आणि उद्घाटनाच्या तारखा सांगणे सोपे असते. पण माझ्या मते या राज्याने आरोग्यासाठी केलेले सर्वांत मोठे काम वैद्यकीय खात्याच्या हिशेबात मोडतच नाही. ते आजव्याचे. विहिरी, सूरसागरासारखी तळी आणि विश्वामित्री यांवर जगणाऱ्या शहराला पटकी आणि हगवण ही दर पावसाळ्याची देणगी होती. १८८५ मध्ये शहराच्या पूर्वेला आजवा येथे मातीचा बांध घालून तलाव करण्याचे काम सुरू झाले आणि १८९२ मध्ये ते पूर्ण होऊन नळाने पाणी शहरात आले. जगन्नाथ सदाशिवजी या अभियंत्याची ही योजना. तलावाची पातळी शहराहून उंच असल्याने पाणी उताराने आपोआप वाहत येते. त्याला पंपाचा खर्च नाही. तीन लाख वस्तीचा अंदाज धरून, म्हणजे त्या वेळच्या शहराच्या दुपटीहून अधिक वस्तीचा विचार करून, ती आखण्यात आली होती. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, शहर कित्येक पटींनी वाढले, महीचे आणि नर्मदेचे पाणी आले. तरी शहराच्या काही भागांत अजून आजव्याचेच पाणी येते.

एका इस्पितळात वर्षभरात जेवढ्या पटकीच्या रोग्यांना सलाईन लावता येईल, त्याच्या अनेक पट माणसे नळाच्या एका तोटीने आजारीच पडत नाहीत. पण बऱ्या झालेल्या रोग्याला डॉक्टर आठवतो. न झालेला आजार कोणालाच आठवत नाही. म्हणून अभियंत्यांच्या तसबिरी आपल्या सभागृहांत लागत नाहीत.

आता उंडेऱ्याकडे वळतो. रिफायनरीच्या बाजूचे हे गाव २०२० मध्ये महानगरपालिकेच्या हद्दीत आले. गोत्री-गोरव्याकडे राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे रोगी तिथून येतात. परंतु प्लेगवरील लसीच्या जागतिक इतिहासात या गावाचे नाव आकड्यांसह नोंदलेले आहे, हे आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असेल.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेला जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन तेव्हा पटकीच्या लसीच्या कामासाठी हिंदुस्थानात होता. त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका छोट्या खोलीत काम करून काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. निकाल आशादायक होता. पण आकडेशास्त्र जाणणारा कोणीही एक शंका घेईल : जे आपणहून पुढे आले ते मुळातच धडधाकट, सावध, कमी घाबरणारे असतील तर? मग फरक लसीचा की माणसांचा?

त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोऱ्या सोल्जरांनी घरे झडतीला घातली. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. त्याआधी, मार्चमध्ये, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. साथ आणि सरकार यांच्याविषयी महाराष्ट्राच्या मनात त्या वर्षी जी भीती बसली, ती रोगाची जितकी होती तितकीच इलाजाचीही होती. या पार्श्वभूमीवर, जेमतेम आठ महिन्यांनी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोदे संस्थानच्या एका खेड्यात काय घडले ते पाहण्यासारखे आहे.

उंडेऱ्याची वस्ती साधारण हजाराची. प्लेग गावात शिरलेला होता. हाफकिनला हवी होती ती जागा त्याला इथे मिळाली : एकच गाव, एकच हवापाणी, एकाच प्रकारची घरे. गावातील कुटुंबे एकेक करून समोर घेण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन वाटे करण्यात आले. वय, स्त्री-पुरुष, प्रकृती पाहून दोन्ही वाटे शक्य तितके सारखे ठेवण्यात आले. एका वाट्याला लस टोचली, दुसऱ्याला टोचली नाही. एकूण ५१३ जणांना लस मिळाली, ४३७ जण तसेच राहिले. नंतर सर्वजण आपापल्या घरी गेले. त्याच छपराखाली, त्याच उंदीर-पिसवांत, एकाच चुलीचे खाऊन राहू लागले.

पुढील आठवड्यांत २८ घरांत प्लेग झाला. या घरांतील लस न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना तो झाला आणि त्यांतले २६ दगावले. लस टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ दगावले.

डॉक्टर वाचकांनी या आकड्यांवर क्षणभर थांबावे. लागण होण्याचे प्रमाण एकीकडे शेकडा ४२, दुसरीकडे ११. मृत्यूचे प्रमाण एकीकडे शेकडा ४०, दुसरीकडे जेमतेम ४. लसीने मृत्यू दहातून नऊ टाळले, असे त्याचे साधे भाषांतर. चिठ्ठ्या टाकून केलेली निवड नव्हती, खोटी सुई टोचलेला गट नव्हता, तपासणाऱ्यांना कोणाला लस मिळाली हे ठाऊक होते. आजच्या कसोटीवर यात अनेक त्रुटी निघतील. तरीही क्षयावर स्ट्रेप्टोमायसीनची जी चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जिला आपण शास्त्रशुद्ध चाचण्यांची जननी मानतो, तिच्या पन्नास वर्षे आधी, आपल्या शहराच्या वेशीवर, घरातल्या घरात तुलनेचा गट ठेवून लस तपासली गेली होती. भायखळ्याच्या शंकेला हे उत्तर होते : इथे पुढे येणारे आणि मागे राहणारे असा भेदच नव्हता, कारण दोघे एकाच घरचे होते.

पण माझे मन त्या ६४ जणांपाशी अडकते. कोणत्या भावाला सुई आणि कोणत्याला नाही, हे कोणी ठरवले असेल? घरातल्या कर्त्याने की टेबलामागच्या अधिकाऱ्याने? ज्या आईला लस मिळाली आणि जिच्या मुलाला मिळाली नाही, तिने पुढे महिनाभर काय केले असेल? लेखी संमती ही कल्पनाच तेव्हा नव्हती. सरकारी माणूस सांगतो आहे, शेजारी माणसे मरत आहेत, महाराजांच्या राज्यातले डॉक्टर सोबत आहेत, एवढ्यावर लोक उभे राहिले असावेत. दुसरीकडे हेही खरे की लस गुणकारी आहे हे त्या दिवशी कोणालाच खात्रीने माहीत नव्हते. ती अपायकारकही ठरू शकली असती, आणि मग नशीबवान कोण हे उलटे ठरले असते. खरी शंका असेल तेव्हाच तुलना नैतिक ठरते, हे तत्त्व आपण आज शिकवतो. उंडेऱ्यात ती शंका खरी होती, असे मला वाटते. तरी ज्यांनी काही न मागता, काही न कळता, आपल्या मरणाने एका प्रश्नाचे उत्तर दिले, त्या २६ जणांचे आपल्या व्यवसायावर ऋण आहे. हाफकिनच्या वाट्यालाही सारे चांगले आले नाही. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकिनवर आला, त्याला कामावरून दूर केले गेले, आणि निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. मुंबईच्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले ते १९२५ मध्ये.

प्लेगाने जे केले त्याहून मोठा घाव पुढच्याच वर्षी बसला. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, छप्पनिया दुष्काळ. गुजरातेत आजही जुनी माणसे त्याचे नाव काढतात. पाऊस गेला, गुरे गेली आणि उन्हाळ्यात पटकी आली. १८९१ मध्ये संस्थानची लोकसंख्या २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती १९ लाख ५३ हजारांवर आली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झाली, तीही नैसर्गिक वाढ पूर्णपणे गिळून. काही स्थलांतराने गेली असतील, पण बहुतेक भुकेने आणि भुकेपाठोपाठ येणाऱ्या रोगांनी गेली. तो आकडा पुन्हा गाठायला १९३१ साल यावे लागले. डफरीन हॉस्पिटल होते, जमनाबाई होते, आजव्याचे नळ राजधानीत होते. कडी आणि अमरेलीच्या खेड्यांत यांतले काय पोहोचले? छोट्या राज्याच्या आरोग्यव्यवस्थेचे मोजमाप तिच्या राजधानीत करू नये, ही गोष्ट या दोन जनगणनांतल्या फरकात स्पष्ट दिसते.

त्यानंतरची पावले मला अधिक प्रौढ वाटतात. १९०४ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलींसाठी १२ आणि मुलांसाठी १६ ही किमान वये ठरली. आज ती वये वाचून अंगावर काटा येतो, परंतु स्त्रीरोगतज्ज्ञाला त्या एका कायद्याची किंमत कळेल. बाळंतपणात जाणाऱ्या कोवळ्या मुली कोणत्याही प्रसूतिगृहाने वाचवता आल्या नसत्या. १९०६ मध्ये सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सर्व संस्थानात लागू झाले. अमरेलीत त्याचा प्रयोग १८९३ पासूनच सुरू होता. शिकलेली आई आणि जगणारे मूल यांचा संबंध आज जगभरचे अभ्यासक आकड्यांनी मांडतात. १९०७ मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी अलेंबिक केमिकल वर्क्स उभी केली आणि टिंक्चरे व अर्क विलायतेहून आणण्याऐवजी बडोद्यात होऊ लागले. औषधांची आयात हा आजही छोट्या देशांच्या आरोग्यखर्चातला मोठा खड्डा असतो. तो काही अंशी या शहराने स्वतः बुजवला, आणि पुढे औषधनिर्मितीचे केंद्र म्हणून नाव कमावले.

इथे प्रोफेसर माणिकराव यांची आठवण येते. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या त्या मल्लाकडे हाडे बसवून घेण्यासाठी लोकांची रीघ लागे. आपल्यातील अस्थिरोगतज्ज्ञांना हे वाचून मनात थोडे चरचरेल. चुकीची बसलेली हाडे शेवटी त्यांच्याचकडे येतात. पण ज्या काळात क्ष-किरण यंत्र दुर्मिळ आणि सर्जन दूर होता, त्या काळात आखाडा हेच अनेकांचे अपघात-केंद्र होते. ज्या राज्यात डॉक्टर कमी, तिथे वैद्य, सुईण आणि हाडवैद्य यांना शत्रू मानून चालत नाही.

हे भूतानने ओळखले. लोकसंख्या आठ लाखांहून कमी, डोंगर उभे, आणि स्वतःचे वैद्यकीय विद्यापीठ २०१२ पर्यंत नाही. डॉक्टर भारतात, बांगलादेशात, श्रीलंकेत शिकून यायचे. त्यांच्या २००८ च्या राज्यघटनेने मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याचे बंधन राज्यावर घातले, आणि त्यात आधुनिक व पारंपरिक अशा दोन्ही वैद्यकांचा उल्लेख केला. लसी व अत्यावश्यक औषधांचा खर्च कायम भागावा म्हणून १९९८ मध्येच त्यांनी वेगळा निधी उभारला होता. कोविडची लस त्यांना जानेवारी २०२१ मध्ये भारताकडून भेट मिळाली. ती आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये झालेली. त्यांनी ती लगेच टोचली नाही. धर्मपीठाने तो महिना अशुभ सांगितला म्हणून दोन महिने थांबले. सर्वांना पुरेल इतका साठा जमल्यावर २७ मार्च रोजी, ठरलेल्या मुहूर्तावर, वानर वर्षात जन्मलेल्या तीस वर्षांच्या एका स्त्रीला पहिली मात्रा दिली. पुढच्या सोळा दिवसांत पात्र प्रौढांपैकी शेकडा ९० हून अधिक लोकांना लस मिळाली. मोठमोठ्या देशांना जे महिनोन्महिने जमले नाही ते या देशाने दोन आठवड्यांत केले. आपण विज्ञानाची माणसे मुहूर्त ऐकून हसतो. पण लोक ज्याच्यावर विश्वास ठेवतात त्याच्या तोंडून लस सांगितली गेली, आणि पुण्यात १८९७ मध्ये नेमकी याचीच उणीव होती.

त्या वेळचे भूतानचे पंतप्रधान लोटे शेरिंग स्वतः मूत्रविकारांचे सर्जन. पंतप्रधान असतानाही ते शनिवारी शस्त्रक्रिया करीत. छोट्या राज्यात डॉक्टर आणि राज्यकर्ता यांच्यातले अंतर कमी असते. बडोद्यानेही शेवटच्या पर्वात हे अनुभवले.

एक प्रश्न मला बराच काळ छळत आला आहे. ज्या राजाने बडोदे कॉलेज वाढवले, १८९० मध्ये कलाभवन काढले, १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय आणि मग खेड्यापाड्यांतून वाचनालये उभी केली, त्याने पदवीपर्यंतचे वैद्यकीय महाविद्यालय का काढले नाही? हुशार मुलांना शिष्यवृत्त्या देऊन मुंबईला किंवा विलायतेला पाठवायचे आणि परत आल्यावर नोकरीत घ्यायचे, हा संस्थानचा मार्ग होता. काही चांगली माणसे त्याने मिळाली. सुमंत मेहता हे त्यांतले एक. महाराजांचे वैद्य म्हणून त्यांनी काम केले आणि पुढे ते खेड्यांतल्या समाजकार्याकडे वळले. पण परक्या कॉलेजांवर अवलंबून राहिलेल्या राज्याला डॉक्टर नेहमी मोजकेच मिळतात, आणि ते राजधानीतच राहू पाहतात. महाविद्यालयाचा खर्च, शिक्षकांची वानवा आणि मुंबई जवळ असणे ही कारणे असू शकतील. तरी खर्चाचे कारण मला पूर्ण पटत नाही. लक्ष्मीविलास राजवाडा बांधणाऱ्या खजिन्याला ते अगदीच अशक्य नव्हते.

ही उणीव भरून निघाली ती अमरेलीच्या एका मुलामुळे. जीवराज नारायण मेहता यांचा जन्म १८८७ मध्ये अमरेलीला, सामान्य परिस्थितीत झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातून आणि नंतर लंडनहून शिकून आल्यावर ते काही काळ बडोदे संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते. १९२५ पासून १९४२ पर्यंत मुंबईचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. हॉस्पिटल यांचे ते डीन. ज्या दात्यांनी त्या कॉलेजाला पैसा दिला त्यांची अट होती की शिकवणारे सारे हिंदी असावेत. परकीय प्राध्यापकांशिवाय मेडिकल कॉलेज चालते हे तिथे सिद्ध झाले. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्यखात्याची धुरा सांभाळून ते ४ सप्टेंबर १९४८ रोजी बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्या पत्नी हंसा मेहता या मनुभाई मेहता या जुन्या दिवाणांच्या कन्या. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलगुरू.

संस्थानचे थोडेच दिवस उरले होते. विलीनीकरणाची बोलणी चालू असतानाच एका डॉक्टर दिवाणाच्या राज्यात बडोद्याला वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, आणि डफरीन हॉस्पिटलच्या जुन्या वॉर्डांना विद्यार्थी मिळाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पहिल्या तुकडीने वर्गात पाऊल ठेवले ते त्याच वर्षी.